मातीत हात घालू द्या



परवा नात माझ्याजवळ बसून मातीचं भांडं घडवत होती. पाठशाळेतल्या ओळखीच्या एक बहेन आल्या आणि तिचे हात बघून म्हणाल्या, "पृथ्वीकायाची विराधना पोरीला कशाला शिकवता?" पोरीने मुकाट्याने हात धुतले. तेव्हापासून मातीला शिवली नाही.

विराधना होते, मी नाकारत नाही. भट्टीत अग्निकायाचीही होते. पण वाढदिवसाला पिशव्या भरून प्लास्टिकची खेळणी येतात, महिन्याभरात कचऱ्यात जातात, तेव्हा जयणा कुठे असते? ते खनिज तेल काय आभाळातून पडतं? (कॉमर्सवाली आहे, दोन्ही बाजूंचा हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही.)

आपलेच ग्रंथ पाहा. हेमचंद्राचार्यांच्या त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रात लोकांना कच्चं धान्य पचेना, विस्तवात टाकलं तर जळून जाई. तेव्हा ऋषभदेवांनी हत्तीच्या गंडस्थळावर ओल्या मातीचं भांडं थापून दाखवलं. पहिलं शिल्प ते! उपासकदशांगातल्या दहा श्रावकांत सद्दालपुत्र चक्क कुंभार, पोलासपुराबाहेर ५०० दुकानं असलेला. उन्हात वाळणारी भांडी पाहून महावीरस्वामींनी त्याला विचारलं, ही प्रयत्नाने झाली की प्रयत्नाशिवाय? तो नियतिवादी, म्हणाला प्रयत्नाशिवाय. मग कोणी ही फोडली तर? तर मी त्याला शिक्षा करीन. मग प्रयत्न नाही असं कसं म्हणतोस? पुरुषार्थाचा हा धडा पोरांना पुस्तकातून किती कळणार! आणि कर्मादान म्हणाल, तर ते धंद्यासाठी सांगितलंय. माझी नात काही भट्टी लावून बसणार नाही.

शोकेसमध्ये धूळ खाणाऱ्या वस्तू मात्र मीही करू देत नाही. पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं करायचं, मग काठावर हवी तेवढी वेलबुट्टी काढा. माती विकतची, पाणी गाळलेलं. भिंत सगळीकडे सारख्या जाडीची. कान जोडताना दोन्हीकडे ओरखडे काढून पातळ चिखल लावायचा, सावलीत हळूहळू वाळवायचं, नाहीतर तडा जातो. फसलं तर कच्चं भांडं भिजवलं की पुन्हा मातीच. वाया काही नाही. चांगली झालेली कुंभाराकडे द्यायची, त्याची भट्टी पेटणारच असते, त्यातच आपली दोन.

पावणे एमआयडीसीतल्या उन्हात पाखरांना पाणी कुठे आहे? नातीचं अर्धं भांडं ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलंय. बहेनजी, वाचत असाल तर या, आणि ते पुरं कर असं तुम्हीच तिला सांगा.