तांदळाचा डबा आणि पोटुशी गुप्तहेर

दुपारची जेवणं उरकली, ओटा पुसून झाला, की तासभर आपला असतो. त्या तासासाठी काय वाचावं, याची पत्रं तुमच्याकडून नेहमीच येतात. या आठवड्यात मात्र कोथरूडच्या एका मैत्रिणीचं जरा निराळं पत्र आलं आहे.

तिला सातवा महिना चालू आहे. डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे नोकरीतून रजा घेऊन घरीच आहे. वाचनाची आवड, आणि त्यातही रहस्यकथांची. यजमान लायब्ररीतून पुस्तकं आणून देतात, पण सासूबाईंना ते बिलकूल पसंत नाही. पोटात बाळ असताना खून-मारामाऱ्या कसल्या वाचायच्या, बाळावर तसेच संस्कार होतील, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा ते खरं का, हा तिचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न मला फारच आवडला. ती म्हणते, इतक्या रहस्यकथा वाचल्या, पण गुप्तहेर आपला उंच, सडपातळ, भिंतीवरून उडी मारणारा. माझ्यासारखी, खाली वाकून चपलेचा पट्टासुद्धा लावता येत नाही अशी गुप्तहेर कुणी केलीच नाही का?

आधी सासूबाईंचं पाहू. त्यांचं मन मोडायचं कारण नाही, कारण त्यात काळजी आहे. पोटातल्या बाळाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात, आईचा आवाज तर चांगलाच. पण शब्दांचा अर्थ त्याला कुठून कळणार? पुस्तकातला खून पुस्तकातच राहतो. आईला महिनोन् महिने खरीखुरी चिंता असेल, घरात धाक असेल, झोप लागत नसेल, तर ते मात्र आईलाही बरं नाही आणि बाळालाही नाही. तेव्हा पुस्तक वाचून रात्री दचकून जाग येत असेल तर ते बाजूला ठेवा. मजा येत असेल तर खुशाल वाचा. फक्त पाय लोंबकळत ठेवून तासन् तास बसू नका. पायांखाली पाट घ्या, मधूनमधून उठून चार पावलं टाका, आणि शेवटच्या प्रकरणासाठी रात्रीचा एक वाजवू नका.

सासूबाईंनी अभिमन्यूची गोष्ट काढलीच, तर हसून एवढंच म्हणा, की सुभद्रेनं ऐकली ती गोष्टसुद्धा लढाईचीच होती! आणि घोटाळा झाला तो ऐकल्यामुळे नव्हे, तर गोष्ट अर्धवट राहिल्यामुळे. म्हणून रहस्यकथा एकदा हातात घेतली, की शेवटपर्यंत वाचावी हेच बरं!

आता दुसरा प्रश्न. आपल्या मराठीत रहस्यकथांना तोटा नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर लिहिल्या. त्यांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय यांनी किती घरांतल्या आमट्या करपवल्या असतील, देव जाणे. आपल्या पुण्याच्या सुहास शिरवळकरांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद आठवतात ना? सगळे पुरुषच. झुंजारची विजया साहसात त्याच्या बरोबरीनं असते, पण नाव झुंजारचं.

परदेशात अगाथा ख्रिस्तीनं १९३० साली मिस मार्पल कादंबरीत आणली. वय झालेली, विणकाम करत कोपऱ्यात बसणारी. म्हातारीकडे कोण लक्ष देतं, म्हणून सगळे तिच्यादेखत बोलतात आणि तिला सगळं कळतं. यातली खुबी ध्यानात घ्या. जिची कुणी दखल घेत नाही, तिला सगळ्यात जास्त दिसतं.

हीच खुबी पुढे पडद्यावर पोटुशी बाईच्या वाट्याला आली. १९९६ साली ‘फार्गो’ नावाचा अमेरिकन सिनेमा आला. त्यात मार्ज गंडरसन ही पोलीसप्रमुख सात महिन्यांची गरोदर आहे. बर्फात प्रेतं पडलेली, आणि ही जड पोट सांभाळत ठसे पाहते. पहाटे तिला कामावर निघावं लागतं तेव्हा नवरा उठून तिला अंडी करून देतो. (हा प्रसंग यजमानांना मुद्दाम दाखवावा!) ती आरडाओरडा करत नाही, गोड बोलत एकेक प्रश्न विचारते आणि बरोबर माणसापर्यंत पोचते. ही भूमिका करणाऱ्या फ्रान्सिस मॅकडॉरमंडला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे २०१२ साली सुजॉय घोष यांचा ‘कहानी’ आला. विद्या बालन पोट घेऊन, ऐन दुर्गापूजेच्या गर्दीत, कलकत्त्यात हरवलेल्या नवऱ्याचा शोध घेत फिरते. शेवट सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांचे शिव्याशाप कोण घेणार! पण एवढं सांगते, की तिला पाहिलं की प्रत्येकजण आधी खुर्ची पुढे करतो, पाणी देतो, आणि मग पोटातलं बोलून टाकतो.

हे झालं कथेतलं. खऱ्या आयुष्यातलं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्रातलंच आहे. रजनी पंडित हे नाव तुम्ही ऐकलं असेल. देशातली पहिली खासगी स्त्री-गुप्तहेर म्हणून त्यांचं नाव घेतात. वडील पोलीस खात्यात गुन्ह्यांच्या तपासाचं काम करणारे. रुपारेल कॉलेजात मराठी साहित्य शिकलेली ही मुलगी. १९९१ साली मुंबईत स्वतःची तपाससंस्था काढली. कामासाठी मोलकरीण, आंधळी, मुकी अशी नाना सोंगं घेतल्याचं त्या मुलाखतींत सांगतात, आणि त्यातच गरोदर बाईचंही सोंग आहे!

त्यांची सगळ्यात गाजलेली हकीकत मोलकरणीच्या वेषातली. एका बाईनं नवऱ्याचा आणि मुलाचा खून करवल्याचा संशय होता. रजनीताई त्या घरी सहा महिने कामाला राहिल्या. मारेकरी घरी आला त्या दिवशी बाहेर जायला सबब हवी, म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीनं स्वतःच्या पायाला जखम करून घेतली, पट्टी बांधून येते म्हणून निघाल्या आणि फोन केला. वाचताना अंगावर काटा येतो.

पण मला त्याहून जवळची वाटते ती त्यांची पहिलीवहिली केस. तेव्हा त्या जेमतेम बाविशीच्या, एका कचेरीत कारकुनी करत होत्या. बरोबरच्या एका बाईंच्या घरातून पैसे नाहीसे होत होते. संशय कुणावर? घरात नुकत्याच आलेल्या सुनेवर! रजनीताईंनी पाळत ठेवली, तेव्हा चोर निघाला त्या बाईंचा धाकटा मुलगा.

मैत्रिणींनो, यात दरोडा नाही, पिस्तूल नाही. पण एका नव्या सुनेच्या कपाळी जन्माचा शिक्का बसायचा वाचला. घरात वस्तू हरवली, की बोट नेहमी दोघींकडेच वळतं, नाही का? एक नवी सून आणि दुसरी कामवाली.

हे मी नुसतं वाचून सांगत नाही. १९७७ सालचा फेब्रुवारी. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहत होतो आणि मला सातवा महिना होता. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना सांगायला नको. पुढे जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून जे प्रकरण देशभर गाजलं, त्यातले खून तेव्हा शहरात होत होते आणि करणारे सापडलेले नव्हते. दिवेलागणीला दारं बंद. दुधवाल्यालासुद्धा आधी नाव विचारायचं. रात्री वाड्याच्या दिंडीला आतून अडसर घातला आहे ना, हे तिघं-तिघं पाहून येत.

अशात आमच्याकडची चांदीची लोटी नाहीशी झाली. सासूबाईंच्या माहेरची. डोहाळजेवणासाठी चिंच लावून घासून ठेवलेली, ती देवघरात नाही. लोटी घासली होती भांडीवाल्या बाईंनी. मग काय! कुणी उघड म्हटलं नाही, पण दोन दिवस घरात असं बोलणं चाललं, की ते तिला ऐकू जावं. तिसऱ्या दिवशी ती बाई भांडी पालथी घालून, पदरानं डोळे पुसून निघून गेली.

मी बसलेलीच असे. कुणी काम करू देत नव्हतं. आणि माझं एक गुपित होतं. मला कच्चे तांदूळ खायचे डोहाळे लागले होते! सगळ्यांचा डोळा लागला, की कोठीच्या खोलीत जाऊन डब्यातली मूठभर तांदूळ तोंडात टाकायची. त्यामुळे डब्यात तांदूळ कुठपर्यंत आहे, हे माझ्याइतकं घरात कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दुपारी झाकण उघडलं आणि थबकले. आदल्याच दिवशी नारळीभाताला त्यातूनच तांदूळ काढले होते, म्हणजे ते खाली जायला हवे होते. ते चांगले चार बोटं वर आलेले. नवं पोतं तर फोडलं नव्हतं. मग वर कशानं आले? हात कोपरापर्यंत आत घातला. तळाशी लोटी, आणि लोटीत फडक्यात बांधलेल्या सासूबाईंच्या पाटल्या.

झालं होतं असं, की खुनांच्या बातम्यांनी घाबरून त्यांनीच रात्री सगळं तांदळात पुरलं होतं. पाटल्या काढल्याचं त्यांच्या ध्यानात होतं, लोटीचं डोक्यातून पार गेलं होतं. मी लोटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “सूनबाई, तू डब्यात हात कशाला घातला होतास?”

तेव्हा मलाही कबुली द्यावी लागली! संध्याकाळी त्या स्वतः त्या बाईंच्या खोलीवर गेल्या. हात धरून म्हणाल्या, “चुकलं माझं.” त्या काळी हे सोपं नव्हतं. पण ती बाई आमच्याकडे पुन्हा कामाला आली नाही. लोटी सापडली, तिची अब्रू मात्र आम्ही तिला परत देऊ शकलो नाही. आजही ती लोटी घासताना मला तिचा चेहरा दिसतो.

म्हणून तुमच्यासाठी चार गोष्टी सांगते. वही असेल तर टिपून ठेवा.

पहिली गोष्ट, वस्तू दिसली नाही, की चोवीस तास कुणाचं नाव तोंडातून काढायचं नाही. मनात आलं तरी नाही.

दुसरी, कागद घेऊन लिहा: वस्तू शेवटची कुणी पाहिली, कधी, कशासाठी काढली होती. “कुणी घेतली?” असं विचारू नका, “तुम्ही शेवटची कुठे पाहिलीत?” असं विचारा. पहिल्या प्रश्नानं माणूस गप्प होतो, दुसऱ्यानं आठवू लागतो.

तिसरी, आपण स्वतः घाईत, भीतीत किंवा पाहुणे यायच्या वेळी वस्तू कुठे दडवतो, त्या जागा आधी पाहा. धान्याचे डबे, जुन्या पर्स, रजयांच्या घड्या, देवाचा कोनाडा.

चौथी, दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्या एकत्र ठेवा. चोरीच झाली असेल, तर नारळ फिरवणाऱ्याकडे नको, सरळ पोलीस चौकीत जा. तक्रार नोंदवल्यावर एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

आणि कोथरूडच्या मैत्रिणी, तुला एक जास्तीची गोष्ट. कच्चे तांदूळ, माती, खडू असलं काही खावंसं वाटत असेल, तर माझ्यासारखं लपवू नकोस. बऱ्याचदा ते अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. डॉक्टरांना सांग, हिमोग्लोबिन तपासून घे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता तुझं तुलाच मिळालं असेल. या दिवसांत तुला उडी मारता येत नाही, पण तू घरात बसून सगळं पाहतेस, वास तर तुला चार घरांपलीकडचे येतात, आणि तुझ्यादेखत बोलायला कुणी बिचकत नाही. गुप्तहेराला आणखी काय लागतं? यजमानांना सांग, पुणे नगर वाचन मंदिरात एक चक्कर टाका. १८४८ सालापासूनची लायब्ररी ती, तिथे रहस्यकथा मिळायला अडचण पडू नये. आणि एक पुस्तक सासूबाईंसाठीही आणा. दुपारी दोघींनी मिळून वाचा, आणि शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटून खुनी कोण ते एकमेकींना सांगा. पैज लावायची ती चहाची.

त्या जिंकतील, असं माझं मन सांगतंय. कोण जिंकलं ते बारशाच्या पेढ्यांबरोबर जरूर कळव.