डिस्क वाढली, विदा सुरक्षित झाली का?

जानेवारी २०२५ मध्ये 'जीनोम इंडिया' प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची विदा फरिदाबादच्या 'इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर'मार्फत संशोधकांसाठी खुली झाली. २०२२ मध्ये उद्घाटनाच्या वेळी या केंद्राची साठवणक्षमता ४ पेटाबाइट होती. २० टेराबाइटच्या डिस्क घेतल्या तर २०० लागतील, आणि त्याही दुसरी प्रत न ठेवता.

असे केंद्र प्रत्येक शाखेच्या वाट्याला येत नाही. देशातील बरीचशी वैज्ञानिक विदा विभागाच्या कोपऱ्यात घरघरणाऱ्या एखाद्या सर्व्हरवर असते. जागा संपते, विद्यार्थ्याची गणना अर्ध्यात थांबते, मग घाईने डिस्क येते. रिकाम्या कप्प्यात ती सरकवायची, लिनक्सच्या लॉजिकल व्हॉल्यूममध्ये जोडायची, फाइल सिस्टिम ताणायची. काम अर्ध्या तासाचे, बहुधा सर्व्हर बंद न करता होणारे. सोय खरी आहे, आणि फसगतही त्या सोयीतच आहे.

कारण अशा साध्या जोडणीत दोहोंपैकी कोणतीही डिस्क गेली, तरी संपूर्ण फाइल सिस्टिम धोक्यात येते. एका डिस्कची वर्षभरात निकामी होण्याची शक्यता २ टक्के धरली, तर दोघींची मिळून जवळपास ४ टक्के होते. म्हणजे जागेबरोबर जोखीमही दुप्पट!

यावर 'आमच्याकडे रेड ५ आहे' हे उत्तर ठरलेले. रेड ५ एकच डिस्क गमावणे सोसते, मग संचात डिस्क ४ असोत वा ८. बदली डिस्क २० टेराबाइटची असेल, तर सेकंदाला २०० मेगाबाइटच्या वेगानेही पुनर्बांधणीला सुमारे २८ तास लागतात. तेवढा वेळ उरलेल्या, बहुधा एकाच दिवशी विकत घेतलेल्या डिस्क शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि त्यांतली आणखी एक दगावली की संच संपला. रेड ६ दोन डिस्क गमावणे सोसते, म्हणून मोठ्या डिस्कसाठी तेच योग्य. परंतु चुकून पुसलेली फाइल कोणतेही रेड परत देत नाही. त्यासाठी निराळ्या यंत्रावर, शक्यतो निराळ्या इमारतीत, दुसरी प्रतच हवी.

दोष विद्यार्थ्यांचा नाही. दोष अनुदानाच्या रचनेत आहे. उपकरणांचा खर्च अनावर्ती, मनुष्यबळ आणि किरकोळ वस्तूंचा आवर्ती. प्रकल्प संपला की दोन्ही थांबतात, डिस्क मात्र फिरत राहते. निधी देणाऱ्या संस्थांनी प्रकल्पानंतरच्या किमान दहा वर्षांच्या साठवणुकीचा खर्च, दोन प्रतींसह, मूळ अंदाजपत्रकातच मंजूर करावा. दुर्बिणीला किंवा सूक्ष्मदर्शकाला मिळणाऱ्या रकमेपुढे तो फार नसतो. पण डिस्कचे उद्घाटन कोणी करत नाही.

पीएच.डी.चा प्रबंध आज 'शोधगंगा'वर जतन होतो. त्यातील आलेख ज्या विदेवरून काढले, ती विदा बहुतेक वेळा त्याच सर्व्हरवर, त्याच नव्या डिस्कवर राहते.