सुगंधाची सक्ती

गेल्या मे महिन्यात पनवेलहून अलिबागला आम्ही सात जण भाड्याच्या वातानुकूलित गाडीतून निघालो होतो. काचा बंद, आणि आरशाला लटकवलेल्या बाटलीतून मोगऱ्याचा घमघमाट. पेण येईपर्यंत माझी दमेकरी भाची खोकून बेजार झाली. वडखळला काचा उघडल्या, तोंडाला पंप लावला, तेव्हा कुठे पोरीला बरे वाटले. चालक बिचारा ओशाळला. "साहेब, वास तर चांगलाच आहे की!"

चांगला होता खरा. पण त्यात मोगरा औषधालाही नसावा. असा वास म्हणजे अनेक रसायनांचे मिश्रण, आणि वेष्टनावर त्या साऱ्यांना मिळून 'परफ्यूम' हा एकच शब्द. लादी पुसण्याच्या द्रवाला लिंबाचा वास देणारे लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिसळले की फॉर्माल्डिहाइड तयार होते, हे किती घरांत ठाऊक आहे? युरोपात प्रसाधनांवर, ठरावीक प्रमाणापुढे, २६ ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यांची नावे छापणे २००५ पासून बंधनकारक आहे. २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या वर गेली. गंमत अशी, की सुगंधी रसायने आपल्याच रायगडात, महाडला, बनून परदेशी जातात. तिकडच्या गिऱ्हाइकाला नावे कळतात, आपल्याला नाहीत.

नैसर्गिक तेवढे निर्दोष, असेही मी म्हणत नाही. देवघरातल्या उदबत्तीचा धूरही दमेकऱ्याला बाधतोच. पण परसातल्या सोनचाफ्यापासून दूर होता येते. बंद गाडीत कुठे जायचे?

परतताना मी चालकाला आधीच विनवले, "दादा, ती बाटली तेवढी काढा." त्याने ती पिशवीत बांधून डिकीत टाकली.