११० मिनिटांचे अंतर

लोह्याहून बसने नांदेडला आणि नांदेडहून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्या प्रवाशांत अनेकदा एखादे असे कुटुंब असते, ज्याच्या पिशवीत कपड्यांपेक्षा तपासण्यांचे कागदच अधिक असतात. ‘गाठ आहे, मुंबईला दाखवून घ्या’, एवढेच त्यांना सांगण्यात आलेले असते. परळला पोहोचल्यावर ‘पेट स्कॅन’ हा शब्द कानी पडतो. ही तपासणी गावाजवळ का होऊ नये, असा प्रश्न त्या कुटुंबाच्या मनात येतो. त्याचे अर्धे उत्तर विज्ञानात आहे आणि अर्धे नियोजनात.

क्ष-किरण किंवा सी. टी. स्कॅन शरीराचा आकार दाखवितात. गाठ कोठे आहे, केवढी आहे, हे त्यांतून कळते. परंतु ती जिवंत आहे की उपचारांनी मेली आहे, याचा निर्णय केवळ आकारावरून करता येत नाही. त्यासाठी पेशींच्या व्यवहारात शिरून बातमी आणणारा हेर लागतो. किरणोत्सारी रेणू हा तो हेर. या विद्येचा पाया घालणारे हंगेरियन शास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. १९११ च्या सुमारास ते मँचेस्टरला खाणावळीत जेवत असत. ताटात उरलेलेच अन्न मालकीण पुन्हा वाढते, असा त्यांना संशय होता. त्यांनी उरलेल्या अन्नात गुपचूप किरणोत्सारी कण मिसळले आणि पुढे उपकरणाने चोरी पकडली, असे सांगतात. याच तत्त्वाच्या शास्त्रीय उपयोगासाठी त्यांना १९४३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कर्करोगाच्या बहुतेक पेशी साखरेच्या हावऱ्या असतात. म्हणून ग्लुकोजच्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून ते रुग्णाला टोचतात. पेशी ही साखर गिळते, पण पचवू शकत नाही. ती आतच अडकून पडते. तिच्यातून निघणाऱ्या पॉझिट्रॉनची इलेक्ट्रॉनशी गाठ पडताच दोन गॅमा किरण परस्परविरुद्ध दिशांना फेकले जातात. भोवतालचे वर्तुळाकार यंत्र ते टिपते आणि रोगाचे ठिकाण उजळून निघते. भारतातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिले पेट स्कॅन यंत्र २००२ साली मुंबईत, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले. या केंद्राची स्थापना १९६३ ची.

मात्र या हेराचे आयुष्य अल्प आहे. फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटांचे. दर ११० मिनिटांनी त्याचे तेज निम्मे होते. मुंबईत तयार झालेली मात्रा बारा तासांच्या प्रवासाने नांदेडला आणली, तर शंभरातील जेमतेम एक भाग शिल्लक राहील. म्हणजे येथे अंतर ही केवळ गैरसोय राहत नाही. ते औषधाचाच नाश करते. मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा पाणी, रस्ते आणि रेल्वे यांच्या आकड्यांत नेहमी होते. मिनिटांत मोजावा लागणारा हा अनुशेष मात्र कोणत्याही अहवालात दिसत नाही.

यावर विज्ञानाने एक पर्यायही दिला आहे. हाडे, हृदय, मूत्रपिंड यांच्या चित्रणासाठी टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याचे अर्धायुष्य सहा तासांचे. परंतु ते ज्या मॉलिब्डेनम-९९ पासून जन्मते, त्याचे ६६ तासांचे. म्हणून रुग्णालयाकडे मॉलिब्डेनमचा जनित्र-संच पाठवितात आणि तेथे सलाइनच्या पाण्याने रोज ताजे टेक्नेशियम काढून घेतात. जगभरच्या प्रयोगशाळांत या संचाला ‘गाय’ आणि त्या क्रियेला ‘दोहन’ म्हणतात! माळेगावच्या यात्रेत जनावरे पारखणाऱ्या लोहा तालुक्याला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. दूध दूरवरून आणता येत नसेल, तर गाय दारी बांधावी.

पण गाय तरी स्वतःची हवी. मे २००९ मध्ये कॅनडातील चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी बंद पडली, ती ऑगस्ट २०१० पर्यंत. तेवढ्याने जगभर मॉलिब्डेनमची टंचाई झाली आणि संपन्न देशांतील रुग्णांच्या तपासण्याही रखडल्या. मोजक्या परकीय भट्ट्यांवर विसंबण्याचा हा परिणाम. ट्रॉम्बे येथे सप्टेंबर २०१८ मध्ये स्वदेशी बनावटीची ‘अप्सरा-यू’ अणुभट्टी कार्यान्वित झाली. वैद्यकीय समस्थानिकांचे उत्पादन वाढविणे हा तिचा एक प्रमुख हेतू आहे. स्वावलंबनाचा हा मार्ग योग्यच आहे. परंतु ट्रॉम्बेला निर्माण झालेले स्वावलंबन लोह्याच्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही, तोवर ते अपुरेच म्हटले पाहिजे.

जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाहीत, तेथे कोट्यवधींची यंत्रे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. तो निरर्थक नाही. प्रत्येक तालुक्याला सायक्लोट्रॉन द्या, असे कोणी म्हणत नाही. पण अचूक चित्रणामुळे निरुपयोगी शस्त्रक्रिया टळते, निष्प्रभ औषध वेळीच बदलता येते आणि शेत विकून केलेला खर्च वाया जात नाही. शेतकरी कुटुंबाला ही चैन नव्हे. म्हणून नियोजन नकाशावरील किलोमीटरने न करता अर्धायुष्याने करावे: कोणताही जिल्हा सायक्लोट्रॉनपासून दोन-तीन तासांहून दूर नसावा, जिल्हा रुग्णालयात गॅमा कॅमेरा असावा आणि तो चालविण्याचे शिक्षण नांदेड-लातूरच्या विज्ञान पदवीधरांना येथेच मिळावे.

यंत्रामागे माणसे उभी राहतात का, हा शेवटचा प्रश्न. डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले, तेव्हा मोठी शहरे त्यांनाही खुली होती. रुग्णाने डॉक्टरपर्यंत जाण्याऐवजी डॉक्टरने रुग्णापर्यंत जावे, हा निर्णय त्यांनी साठ वर्षांपूर्वी घेतला. आता तोच निर्णय शासनाने आणि समाजाने विज्ञानाच्या बाबतीत घ्यावयाचा आहे. त्याला जितका विलंब होईल, तितक्या रात्री लोह्याच्या आणखी एका कुटुंबाच्या देवगिरी एक्स्प्रेसमध्ये जातील.