सोंगटी हरकत घेत नाही

ईदच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला गेलो की रात्री पडवीत कॅरम ठरलेला. या वेळी चुलत भावंडांसमोर 'शासन'चा बोर्ड मांडला. मुंबईच्या मेमिसिस कल्चर लॅबमध्ये झैन मेमन यांनी तयार केलेला हा राजकारणाचा खेळ. २०१९मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून आगाऊ पैसे घेऊन तो उभा राहिला. दोन ते पाच जण खेळतात, प्रत्येक जण राजकारणी.

आपली पाळी आली की दुसरा खेळाडू कार्डावरचा प्रश्न वाचतो: सरकारनं अमुक करावं की नाही? उत्तर दिल्यावरच कळतं की आपण कुठल्या वळणाचे नेते ठरलो. त्यातून पैसा, दबदबा, प्रसिद्धी किंवा जनतेचा विश्वास मिळतो. ते खर्चून मतदार मिळवायचे आणि बोर्डावरच्या विभागांत त्यांच्या सोंगट्या लावायच्या. सुरुवातीला सगळे मनापासून उत्तरं देत होते. मग माझी कॉलेजात शिकणारी चुलत बहीण 'मला काय वाटतं' सोडून 'माझ्याकडे काय कमी आहे' बघून उत्तरं द्यायला लागली. जिंकलीही तीच.

मला अडकवलं ते दुसऱ्या नियमानं. विभागात निम्म्याहून जास्त सोंगट्या झाल्या की बहुमत, आणि शेवटी गणती फक्त बहुमतातल्या मतांची. बाकीचे शून्य. शिवाय बहुमतवाल्याला एखादी सोंगटी शेजारच्या विभागात सरकवता येते.

"भाई, ही तर आपली प्रभागरचना!" बहीण म्हणाली.

फरक एवढाच की सोंगटी हरकत घेत नाही. आपल्याला घेता येते, पण आपण घेत नाही. वेंगुर्ल्याची नगरपालिका १८७६ची. ७४वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक हे घटनेतच आलं. तरीही २०१६मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपल्यावर पुढचं मतदान थेट डिसेंबर २०२५मध्ये झालं. मधली सगळी वर्षं प्रशासक. बोर्ड मांडलेला, पाळी कुणाचीच नाही. आमच्या मोहल्ल्यात यावर कुणी बोललेलं मला आठवत नाही. दिल्लीच्या बातम्यांवर मात्र व्हॉट्सॲप ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा असतो. त्यात मीही असतो.

निवडणुकीआधी प्रभागरचनेचा आणि मतदार यादीचा मसुदा जाहीर होतो, हरकतींसाठी ठरावीक दिवस मिळतात. त्या दिवसांत मी पुण्यात, ऑफिसच्या कामात. घरातली दोन नावं भलत्याच प्रभागाच्या यादीत गेल्याचं मतदानाच्या दिवशी कळलं. रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधून पगार घेणाऱ्या माणसानं घरची यादी एकदा उघडून पाहिली नव्हती.

नगरसेवकाची जागा कधी कधी मूठभर मतांवर ठरते. आपल्यासारख्या थोड्या घरांच्या वस्तीत दोन नावं म्हणजे छोटी गोष्ट नाही.

पुढच्या मसुद्याची वाट न बघता बहिणीनं मोहल्ल्यातल्या घरांची नावं एक्सेलमध्ये घ्यायला सुरुवात केली आहे. परवा रात्री तिचा मेसेज आला: चौदा घरं झाली, तीन ठिकाणी दार उघडलं नाही.