पाठकोऱ्या कागदाची वही

दिवाळीच्या सुट्ट्या लागण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात स्वतः केलेली एखादी वस्तू ठेवावी, असे मला मनापासून वाटते. कारंजा तालुक्यातले कामरगाव डोळ्यांसमोर आणा. सोयाबीन निघालेले असते, कपाशीची वेचणी तोंडावर असते आणि घरची मोठी माणसे शेतात अडकलेली असतात. वर्गभर रंगपेट्या वाटायच्या तर शिक्षकाच्या खिशाला झेपत नाही. त्याऐवजी शाळेत साठलेल्या पाठकोऱ्या कागदांची वही शिवता येते. छापील बाजू आत ठेवून कागद मधोमध दुमडायचा, दुमड बाहेर आणि मोकळ्या कडा शिवणीकडे घ्यायच्या, दाभणाने चार भोके पाडून गोधडीचा जाड दोरा ओवायचा, वरून पुठ्ठा लावायचा. मग मुलाने कुठलेही पान उघडले तरी समोर कोरेच येते. पहिल्या पानावर त्याचे नाव आणि फक्त त्याच्यासाठीचे एक वाक्य लिहायचे: ‘बैल आजारी पडल्याचे कसे ओळखतात ते तू वर्गाला सांगितलेस, ते इथे लिहून ठेव.’

भेटींनी मुलांना लालूच लागते, असा एक आक्षेप आहे आणि तो पोकळ नाही. अमेरिकेत मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्र काढल्यास बक्षीस मिळेल, असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत बसली. ज्यांना तेच बक्षीस अचानक मिळाले, त्यांची गोडी मात्र टिकून राहिली. म्हणून ही वही गुणांसाठी नको, हजेरीसाठी नको आणि आधी जाहीर करूनही नको. पहिल्या बाकावरच्या मुलाला मिळते तशीच ती महिनाभर गैरहजर राहिलेल्यालाही मिळाली पाहिजे.

गरिबाच्या लेकरांना टाकाऊ कागद का, हा प्रश्न जास्त बोचरा आहे. शिवण वाकडी असेल, पुठ्ठा मळका असेल, तर ती वही देऊच नये. पण साधे साहित्य म्हणजे हलके साहित्य नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बिया, पाने, शिंपले यांतूनच शिक्षणाची साधने उभी केली. आपल्या विदर्भात तर 1937 च्या वर्धा शिक्षण परिषदेने हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी आणले होते. तिथे मुलांनी हात चालवावेत ही अपेक्षा होती. गुरुजींचे, बाईंचे हातही चालताना मुलांना दिसले तर त्या कामाची किंमत त्यांना वेगळी सांगावी लागणार नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात, तरी अहवाल आणि ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचे तासन्‌तास जातात. म्हणून याचे परिपत्रक कधीही निघू नये, फोटो मागवले जाऊ नयेत. ज्याला जमेल त्याने जुलैपासून आठवड्याला दोन-तीन वह्या शिवाव्यात. शिवायला फार वेळ लागत नाही. वेळ जातो तो वाक्याला. आणि ज्या मुलासाठी वाक्यच सुचत नाही, त्याच्या बाकावर दुसऱ्या दिवशी थोडा वेळ जाऊन बसावे.