ताडपत्रीची परीक्षा

सिएरा लिओनमधील बोम्बाली आणि बोंथे या जिल्ह्यांतल्या २३६ गावांना २००९ मध्ये एकेक मोठी ताडपत्री फुकट वाटण्यात आली. तिचे काय करायचे ते गावाने ठरवावे, एवढेच सांगितले गेले. काही महिन्यांनी संशोधक पुन्हा गावोगाव गेले. ताडपत्री भात वाळवायला साऱ्या गावाच्या कामी येते, की एखाद्या बड्या घरात घडी घालून ठेवली आहे? आणि हे ठरवले कोणी, बैठकीने की एकट्या मुखियाने?

या कुतूहलामागे मोठा खर्च होता. १९९१ ते २००२ या काळातील यादवी युद्धाने हा देश खिळखिळा केला. नंतर जागतिक बँकेच्या मदतीने ‘गोबिफो’ योजना आली. २३६ पैकी निम्मी गावे निव्वळ नशिबाच्या जोरावर निवडली गेली आणि त्यांना प्रत्येकी सुमारे ४,६६७ डॉलर मिळाले. शिवाय महिनोन्‌महिने कार्यकर्ते गावात जाऊन बैठका घेत होते. बँक खात्यावर सही करणाऱ्यांत एक बाई असलीच पाहिजे, अशीही अट होती. लोक एकत्र येऊन खळे बांधतील, बायका आणि तरुण बोलू लागतील, पिढीजात मुखियांची पकड सैल होईल, हा हिशेब.

खळी झाली, संडास झाले, समाजमंदिरे उभी राहिली. पैसाही फारसा कोणी खाल्ला नाही. आपल्याकडच्या वाचकाला हेच नवल वाटेल! पण ताडपत्रीच्या परीक्षेत पैसे मिळालेली आणि न मिळालेली गावे सारखीच निघाली. निर्णय जे घेत होते तेच घेत राहिले. हा अभ्यास करणारे संशोधक कॅथरिन केसी, रेचेल ग्लेनर्स्टर आणि एडवर्ड मिगेल यांनी यशाचे निकष आकडे पाहण्याआधीच लिहून ठेवले होते. त्यामुळे सोयीचा आकडा उचलून पाठ थोपटून घेण्याची वाट बंद होती.

तरीही देणगीदारांच्या कागदपत्रांत रस्ता, विहीर, शाळा यांच्या जोडीने ‘सामाजिक सलोखा’ हे फळ ठरलेले असते. फिलिपिन्समध्ये मात्र अशाच योजनेला पात्र ठरलेल्या भागांत बंडखोरांनी ती उधळण्यासाठी हिंसाचार वाढवला. सिएरा लिओनमध्येच युद्धातले गुन्हेगार आणि पीडित यांना गावासमोर आणणाऱ्या समेटाच्या कार्यक्रमाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात क्षमा करण्याची तयारी आणि परस्परविश्वास वाढल्याचे दिसले. त्याचबरोबर नैराश्य आणि चिंताही वाढली. गाव जुळले, पण त्याची किंमत माणसांनी आपापल्या मनावर सोसली.

हा धडा महाराष्ट्रालाही लागू आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसे दिली. कोर्टकचेरीचे हेलपाटे वाचणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तंटा मिटवताना पड कोणी खाल्ली, बांधावरच्या धनदांडग्याने की एकट्या विधवेने, हे मिटलेल्या तंट्यांच्या आकड्यावरून कसे कळणार?

मग सलोख्यावर पैसा घालूच नये काय? तसा निष्कर्ष घाईचा ठरेल. ‘गोबिफो’ सुरू झाल्यानंतर ११ वर्षांनी संशोधक त्याच गावांत परतले. सोयीसुविधा टिकल्या होत्या, बाजारहाट वाढला होता, कारभाराच्या रीतीतही माफक सुधारणा दिसली. २०१४ च्या इबोलाच्या साथीला या गावांनी थोडे बरे तोंड दिले असावे, अशी चिन्हेही मिळाली. अंदाज विचारला तेव्हा स्थानिक धोरणकर्त्यांनी मात्र यापेक्षा फार मोठ्या अपेक्षा बोलून दाखवल्या होत्या.

अशी पाहणी करायला दशकभराची चिकाटी लागते आणि नेमकी तीच आता धोक्यात आहे. अमेरिकेने आपली मदतसंस्था ‘यूएसएड’ १ जुलै २०२५ रोजी गुंडाळली. ब्रिटन २०२७ पर्यंत परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणणार आहे. कात्री लागते तेव्हा खळ्याचे उद्घाटन कसेबसे वाचते. दहा वर्षांनी ते पाहायला जाणाऱ्याचा प्रवासखर्च आधी कापला जातो. उरलेल्या पैशातून देणगीदार देशांनी निदान तेवढा खर्च राखून ठेवावा, आणि सलोख्याचे आश्वासन देणाऱ्या प्रत्येक योजनेकडून तिची ताडपत्री कोणती, हे पहिला हप्ता देण्याआधी लिहून घ्यावे.